फैजपूरचा कवी आणि पुण्याचा संपादक : केशवसुत-हरिभाऊ स्नेहाचा विचार

१

कृष्णाजी केशव दामले तथा केशवसुत यांचे चरित्र सांगताना मालगुंड, पुणे, मुंबई आणि हुबळी ही चार ठिकाणे हटकून येतात. मालगुंडला जन्म, पुण्यात शिक्षण, मुंबईत नोकऱ्यांची वणवण आणि हुबळीत अकाली अंत, असा हा क्रम आहे. या क्रमात मुंबई आणि हुबळी यांच्यामध्ये जी वर्षे येतात, ती बहुतेक चरित्रपर लेखनात दोन-चार वाक्यांत आटोपली जातात. वस्तुतः १८९७ च्या सुमारास मुंबई सोडल्यापासून १९०४ मध्ये धारवाडला जाईपर्यंतचा काळ केशवसुतांनी खानदेशात, प्रथम भडगाव येथे आणि नंतर दीर्घकाळ फैजपूर येथे घालविला. अवघ्या एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यातील ही सुमारे सात वर्षे होत. त्यांच्या प्रौढ काव्यनिर्मितीचा मोठा भाग याच काळातील आहे.

याच खानदेशात, पारोळे येथे, ८ मार्च १८६४ रोजी हरि नारायण आपटे यांचा जन्म झाला. हरिभाऊ बालपणीच खानदेश सोडून मुंबईला व तेथून पुण्याला गेले आणि पुढे पुण्याचेच झाले. केशवसुत कोकणातून निघाले आणि नोकरीच्या ओढीने खानदेशात येऊन पोहोचले. एकाने जो प्रदेश मागे टाकला, त्याच प्रदेशाच्या एका कोपऱ्यात दुसऱ्याला आश्रय मिळाला. या दोघांचा स्नेह हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक विजोड वाटणारा, पण अत्यंत फलदायी असा स्नेह होय. एक कादंबरीकार, साप्ताहिकाचा संपादक, संस्थेचा व्यवस्थापक आणि नगरकारभारातील पुढारी. तर दुसरा गावोगावच्या शाळांत शिकविणारा, स्वतःचे छायाचित्रही मागे न ठेवणारा, एकांतप्रिय कवी. या दोन प्रकृतींना परस्परांशी बांधून ठेवणारे सूत्र कोणते होते आणि त्या स्नेहाला कोणत्या मर्यादा पडल्या, हे पाहिल्याशिवाय केशवसुतांचे चरित्र पूर्ण होत नाही.

२

हरिभाऊंची जडणघडण महत्त्वाकांक्षेला पोषक अशीच झाली. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्या शाळेत शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांत ते होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्या सहवासाचे संस्कार त्या पिढीवर झाले. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर प्रसिद्ध केले, त्यावर विद्यार्थिदशेतील हरिभाऊंनी विस्तृत आणि परखड टीकालेख लिहिला. गुरूच्या ग्रंथावर शिष्याने लिहिलेल्या त्या लेखाने त्यांच्या नावाकडे जाणकारांचे लक्ष वेधले. १८८३ मध्ये ते मॅट्रिक झाले. परंतु महाविद्यालयीन शिक्षण मात्र पदवीपर्यंत गेले नाही. पदवी नसलेल्या तरुणाला त्या काळी सरकारी नोकरीचा राजमार्ग बंदच असे. हरिभाऊंनी त्याऐवजी लेखणीचा मार्ग धरला आणि त्यावर असाधारण यश मिळविले.

'मधली स्थिती' ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ मध्ये 'पुणे वैभव'मधून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईतील नामांकित वकील. त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संग्रहासाठी व प्रकाशनासाठी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था उभारली आणि तिच्या व्यवस्थेचा भार हरिभाऊंवर आला. ऑक्टोबर १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले व १९१७ पर्यंत म्हणजे सत्तावीस वर्षे ते चालविले. 'पण लक्षांत कोण घेतो', 'मी', 'उषःकाल' यांसारख्या कादंबऱ्या याच पत्रातून हप्त्याहप्त्याने वाचकांपर्यंत गेल्या. पुढे पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. साहित्य हा आपला व्यवसाय मानून, त्यासाठी पत्र, छापखाना, संस्था आणि वाचकवर्ग यांची जुळणी करणारा हा पहिल्या काही मराठी लेखकांपैकी एक लेखक होता.

३

केशवसुतांचा आयुष्यक्रम याच्या नेमका उलट दिशेने गेला. १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे त्यांचा जन्म झाला. वडील केशव विठ्ठल दामले हे शाळाशिक्षक. मोठ्या कुटुंबाचा भार तुटपुंज्या उत्पन्नावर चाललेला. भावंडांत बुद्धिमत्तेची उणीव नव्हती. मोरो केशव दामले यांनी पुढे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोलाचा ग्रंथ सिद्ध केला. सीताराम केशव दामले हे पत्रकार म्हणून पुढे आले. कृष्णाजींचे शिक्षण मात्र सलग झाले नाही. खेड, बडोदे, वर्धा, नागपूर अशी स्थलांतरे करीत ते वाढले. नागपूर येथे १८८३ मध्ये नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा परिचय झाला व कवितेच्या ओढीला खतपाणी मिळाले. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांनी १८८४ मध्ये प्रवेश घेतला, पण मॅट्रिकची परीक्षा पार पडावयास १८८९ साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते, विवाह होऊन संसाराची जबाबदारीही आलेली होती.

मॅट्रिकनंतर मुंबईत त्यांनी शाळांतील शिक्षकी, खाजगी शिकवण्या, किरकोळ कारकुनी अशी मिळतील ती कामे केली. एकाही नोकरीत स्थैर्य लाभले नाही. पण याच वणवणीच्या काळात मराठी कवितेचे रूप त्यांच्या हातून बदलत होते. 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता १८८८ ची आणि 'मजुरावर उपासमारीची पाळी' ही १८८९ ची. १८९२ मध्ये त्यांनी 'मयूरासन आणि ताजमहाल' ही चौदा ओळींची रचना केली आणि पुढे सुनीत या नावाने रूढ झालेला काव्यप्रकार मराठीत आणला. 'तुतारी' आणि 'झपूर्झा' या दोन्ही कविता १८९३ सालच्या. पहिलीत समाजाला खडबडून जागे करणारा आवेश आहे, तर दुसरीत ज्ञाताच्या सीमेपलीकडे जाणाऱ्या मनाची तंद्री आहे. एकाच वर्षात, एकाच कवीने या दोन टोकांना स्पर्श करावा, ही मराठी कवितेच्या दृष्टीने मोठी घटना होती. परंतु त्या वेळी त्या घटनेचा गाजावाजा झाला नाही.

केशवसुतांच्या विक्षिप्तपणाविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. त्यातील आख्यायिकांचा भाग वगळला तरी त्यांच्या वृत्तीच्या काही खुणा निश्चित सांगता येतात. सभासंमेलनांत पुढे येण्याची त्यांना हौस नव्हती. पित्याच्या नावामागे स्वतःचे नाव झाकणारे टोपणनाव त्यांनी घेतले. ज्या काळात छायाचित्र काढवून घेणे हे मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचे लक्षण ठरत होते, त्या काळात त्यांनी आपले छायाचित्र मागे ठेवले नाही; त्यामुळे अर्वाचीन कवितेच्या या जनकाचा चेहरा पुढील पिढ्यांना अज्ञातच राहिला. मात्र कवितेच्या बाबतीत हाच मनुष्य विलक्षण काटेकोर होता. रचनेखाली वृत्त अथवा जाती, स्थळ आणि दिनांक यांची नोंद करण्याची त्यांची पद्धत होती. स्वतःविषयी बेफिकीर आणि शब्दाविषयी दक्ष, असा हा स्वभाव होता.

४

हरिभाऊ आणि केशवसुत यांचा स्नेह पुण्याच्या ज्या वातावरणात रुजला, त्याचे मध्यवर्ती पुरुष आगरकर होते. हरिभाऊ १८८३ मध्ये शाळेतून बाहेर पडले आणि केशवसुत पुढल्याच वर्षी त्या शाळेत आले. म्हणजे दोघे एका वर्गात बसले नव्हते, पण एकाच गुरुपरंपरेतून घडले. १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू झाला आणि व्यक्तिस्वातंत्र्य, समता व बुद्धिप्रामाण्य यांचा पुरस्कार निर्भीडपणे होऊ लागला. हरिभाऊंनी हे विचार कथेच्या पात्रांत उतरविले. केशवसुतांनी ते कवितेच्या लयीत आणले. 'पण लक्षांत कोण घेतो' मधील यमुनेचे दुःख आणि अंत्यजाच्या मुलाने आईला विचारलेला प्रश्न यांची जात एकच आहे. दोन्हींत अन्याय सोसणाऱ्या व्यक्तीलाच बोलण्याचा अधिकार दिलेला आहे. सुधारकाने तिच्या वतीने केलेले व्याख्यान तेथे नाही. या दोघांच्या स्नेहाचा खरा पाया व्यक्तिगत आवडीनिवडींपेक्षा या वाङ्मयीन भूमिकेत शोधावा लागतो.

'करमणूक' हे पत्र कुटुंबात सर्वांनी वाचावे, त्यातून मनोरंजनाबरोबर बोधही व्हावा, या हेतूने चालविलेले होते. राजकीय वादांपासून ते दूर राही. घराघरांतील स्त्रिया, विद्यार्थी आणि कारकून हा त्याचा वाचक होता. अशा पत्राच्या संपादकाला वाचकाची रुची सांभाळणे भाग असते. पुढच्या अंकाची वाट पाहावयास लावणारी कादंबरी हे त्याचे बळ. पंडिती वळणाच्या श्लोकांना आणि पारंपरिक पदांना सरावलेल्या कानांना केशवसुतांची कविता चमत्कारिक वाटणे स्वाभाविक होते. तिच्यात देवादिकांची आख्याने नव्हती, यमकअनुप्रासांची सजावट नव्हती. कवी स्वतःच कवितेचा विषय झालेला होता. तरीही हरिभाऊंनी या कवितेला आपल्या पत्रात सातत्याने जागा दिली. केशवसुतांच्या अनेक कविता 'करमणुकी'तून वाचकांसमोर आल्या. पुढे १८९५ पासून काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाचाही त्यांना आधार मिळाला. पण आरंभीच्या वर्षांत 'करमणुकी'चे मोल वेगळेच होते.

या ठिकाणी एका प्रचलित समजाचा पुनर्विचार करणे आवश्यक ठरते. केशवसुत हे आपल्या काळाने सर्वस्वी उपेक्षिलेले कवी होते, असे चित्र पुढच्या काळात रूढ झाले. मानमरातब, ग्रंथ, पारितोषिक यांच्या दृष्टीने ते खरे आहे. परंतु ज्या पत्रातून महाराष्ट्राची आवडती कादंबरी येत होती, त्याच पत्रातून त्यांची कविता येत होती, हेही तितकेच खरे आहे. यमुनेच्या पुढील हकिगतीसाठी अंक उघडणाऱ्या वाचकाच्या दृष्टीस ही नवी कविता पडत होती. तिचा अर्थ सर्वांना कळला नसेल. पण ती त्यांच्या घरात पोहोचली होती. हे घडले ते एका यशस्वी संपादकाने आपल्या पत्राची पत एका अप्रसिद्ध कवीच्या पाठीशी उभी केली म्हणून. पुढच्या दशकात या कवितेचे अनुयायी महाराष्ट्राच्या दूरदूरच्या गावांतून निघाले, त्याचे कारण नियतकालिकांच्या या प्रसारात शोधले पाहिजे.

५

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग आला आणि शहरातून बाहेर जाणाऱ्यांची रीघ लागली. केशवसुतांनीही मुंबई सोडली. त्यांची सासुरवाडी चाळीसगावची असल्याने खानदेश त्यांना अगदीच परका नव्हता. भडगाव येथे काही काळ शिक्षकी केल्यावर १८९८ मध्ये ते फैजपूरच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत आले. भडगाव हे हरिभाऊंच्या पारोळ्यापासून फार दूर नव्हे. फैजपूर मात्र तापीच्या उत्तरेस, जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला होते.

रावेर, सावदा, फैजपूर आणि यावल ही गावे सातपुड्याच्या पायथ्याशी एका माळेत ओवल्यासारखी आहेत. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला तापी आणि मध्ये काळ्या, कसदार जमिनीचा पट्टा. रावेर हे या पट्ट्यातील जुने ठाणे. १७६३ मध्ये ते निजामाकडून पेशव्यांकडे आले व पुढे होळकरांच्या घराण्याकडे गेले. तेथील जरतारीच्या कामाचा लौकिक होता. फैजपूर हे रंगाऱ्यांचे गाव. निळीच्या आणि तांबड्या रंगाच्या कामासाठी व छापील कापडासाठी ते प्रसिद्ध होते आणि सातपुड्यातून येणाऱ्या इमारती लाकडाचा मोठा बाजार तेथे भरत असे. भुसावळहून रावेरवरून खांडव्याकडे जाणारा लोहमार्ग जवळून गेलेला असल्याने टपाल आणि वृत्तपत्रे या भागात पोहोचत. पण वाङ्मयीन मंडळे, ग्रंथसंग्रह, छापखाने यांपैकी पुण्या-मुंबईत सहज मिळणारे येथे काही नव्हते. घरात बोलली जाणारी बोलीही ग्रांथिक मराठीहून वेगळी होती. कोकणातून आलेला आणि पुण्यात शिकलेला कवी येथे सर्वार्थाने परका होता.

शिवाय हा काळ संकटांचा होता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेश होरपळून निघाला. छप्पन्नचा दुष्काळ म्हणून त्याची आठवण या भागात दीर्घकाळ राहिली. प्लेगची धास्ती होतीच. शाळेचे काम, वाढता संसार आणि तीन मुलींचे संगोपन अशा व्यापात केशवसुत फैजपूरला राहिले. मात्र या दूरच्या गावाने त्यांना मुंबईत कधीच न मिळालेली एक गोष्ट दिली, ती म्हणजे नोकरीचे स्थैर्य. सहा वर्षे एकाच ठिकाणी राहण्याचा योग त्यांच्या प्रौढ आयुष्यात येथेच आला.

या स्थैर्याचे फळ कवितेत दिसते. 'सतारीचे बोल' ही १९०० सालची कविता फैजपूरच्या वास्तव्यातील. उद्विग्न मनःस्थितीत रात्री भटकणारा मनुष्य दुरून आलेले सतारीचे सूर ऐकतो आणि त्याच्या मनातील काळोख पायरीपायरीने निवळत जातो, असा तिचा आशय आहे. कलेचे सामर्थ्य सांगणारी ही कविता सभागृहातील मैफलीवर रचलेली नाही. ज्याला मैफलीचे आमंत्रण नाही अशा रस्त्यावरच्या श्रोत्यावर ती रचलेली आहे. 'आम्ही कोण?' ही १९०१ सालची कविताही फैजपूरचीच. कवीचे सृष्टीतील स्थान कोणते, याचे अत्यंत आत्मविश्वासपूर्ण उत्तर तिच्यात दिलेले आहे. कवीचा एवढा मोठा अधिकार सांगणारा हा पुरुष त्या वेळी एका आडबाजूच्या गावात मुलांना धडे देत होता आणि त्याच्या नावावर एकही पुस्तक नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या आत्मविश्वासाचा अर्थ बदलतो. लौकिक अधिकार ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याने केवळ शब्दाच्या बळावर मिळविलेला तो अधिकार आहे.

६

ज्या वर्षांत केशवसुत फैजपूरला होते, त्याच वर्षांत हरिभाऊंचा व्याप वाढत गेला. आनंदाश्रमाची ग्रंथमाला, 'करमणुकी'चे साप्ताहिक चक्र, सामाजिक कादंबऱ्यांबरोबर ऐतिहासिक कादंबऱ्यांचे लेखन आणि सार्वजनिक कामे या सर्वांचा भार ते एकाच वेळी वाहत होते. 'जग हें असें आहे' ही कादंबरी १८९७ ते १८९९ या काळात आली. 'गड आला पण सिंह गेला' १९०३ मध्ये. दर आठवड्याला मजकूर पुरविण्याच्या या धबडग्यात त्यांच्या काही सामाजिक कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. यश मिळविणाऱ्या लेखकाला यशाची किंमतही द्यावी लागते; हरिभाऊंनी ती आपल्या कलाकृतींच्या पूर्णत्वाच्या रूपाने दिली.

केशवसुतांची सारी काव्यसंपदा सुमारे १३५ कवितांची. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच कविता लिहाव्यात, त्या पुन्हा तपासाव्यात आणि मग पाठवाव्यात, ही त्यांची रीत. एकाला अंकाची तारीख सोडीत नव्हती, दुसऱ्याला तारीख होती ती फक्त कवितेखाली घालावयाची. एकाने वाचकवर्ग निर्माण केला. दुसऱ्याने वाचक जन्माला येण्याची वाट पाहिली. या दृष्टीने पाहिले तर दोघेही परस्परांची उणीव भरून काढीत होते. केशवसुतांना हरिभाऊंमुळे पाने मिळाली. हरिभाऊंच्या पत्राला केशवसुतांमुळे जे मिळाले ते कदाचित अधिक टिकाऊ ठरले. 'करमणुकी'तील कितीतरी मजकूर काळाच्या ओघात विस्मृतीत गेला. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांच्या जोडीने जे उरले, त्यात या शाळामास्तराच्या कविता आहेत.

हा स्नेह मुख्यतः कागदावर जगला, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य होय. आनंदाश्रमातील बैठकीत नित्य येणारे स्नेही अनेक होते; फैजपूरचा कवी त्यांत नव्हता. रावेर-यावलच्या पट्ट्यातून पुण्याला वरचेवर जाणे शिक्षकाच्या मिळकतीत बसणारे नव्हते. कविता जाई आणि अंक येई, एवढ्या व्यवहारावर या मैत्रीचा धागा टिकला. स्वभावाने संकोची असलेल्या माणसाला हा अंतरावरचा संबंध सोयीचाच होता, असे म्हणण्यास जागा आहे. समोरासमोरच्या सहवासात महत्त्वाकांक्षी संपादक आणि मानी कवी यांच्यात खटके उडण्याचा संभव असतो. छापील पानावर दोघेही आपापल्या उत्तम रूपात भेटतात.

पण याच ठिकाणी या स्नेहाची मर्यादाही उघड होते. नियतकालिकाचे पान आठवड्याचे असते. पुढचा अंक आला की मागचा रद्दीत जातो. कवीला टिकण्यासाठी पुस्तक लागते. ज्यांच्या हाती छापखाना, प्रकाशनसंस्था आणि पत्र होते, असा स्नेही लाभूनही केशवसुतांच्या हयातीत त्यांच्या कवितांचा संग्रह निघाला नाही. याचा दोष एका व्यक्तीवर टाकणे युक्त नव्हे. त्या काळी स्फुट कवितांच्या संग्रहाला ग्राहक मिळणे कठीण होते आणि स्वतःच्या प्रसिद्धीसाठी धडपड करणे केशवसुतांच्या वृत्तीत नव्हते. तथापि संग्रहाच्या अभावी या कवितेचे समग्र दर्शन तिच्या काळातील रसिकांना झालेच नाही. त्यांनी तुटक तुटक कविता पाहिल्या. कवी पाहिला नाही.

७

१९०४ मध्ये केशवसुत फैजपूर सोडून धारवाडच्या शासकीय हायस्कुलात गेले. छोट्या गावातील शाळेतून मोठ्या शाळेत झालेले हे स्थानांतर बढतीसारखेच होते. पण हे सुख अल्पकाळाचे ठरले. 'हरपले श्रेय' ही त्यांची १९०५ सालची कविता. हातून निसटलेल्या, नाव न सांगता येणाऱ्या परम मोलाच्या वस्तूचा शोध हा तिचा विषय. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी हुबळी येथे प्लेगने त्यांचे निधन झाले. ज्या रोगामुळे त्यांनी मुंबई सोडली होती, त्यानेच आठ-नऊ वर्षांनी त्यांना गाठले. अवघ्या काही दिवसांत त्यांच्या पत्नीचाही अंत झाला आणि लहान मुली पोरक्या झाल्या.

कवी गेला, पण त्याची कविता विखुरलेल्या अंकांत आणि हस्तलिखितांत शिल्लक होती. ती गोळा होऊन ग्रंथरूपाने वाचकांसमोर यावयास दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. 'केशवसुतांची कविता' हा तो संग्रह हरिभाऊंनी प्रसिद्ध केला. त्या वेळी हरिभाऊ स्वतःच्या आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात होते. 'करमणूक' १९१७ मध्ये बंद झाली आणि ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. ज्याचे छायाचित्र नव्हते आणि ज्याच्या नावावर ग्रंथ नव्हता, त्या स्नेह्याचे एकमेव शक्य असे स्मारक त्यांनी उभे केले. संपादकाने कवीला आरंभी पान दिले होते. अखेरीस ग्रंथ दिला. मैत्रीचे ऋण असे फेडले गेले, पण ते स्वीकारावयास ऋणको-धनको यांपैकी एकच जण उरला होता.

मधल्या काळात खानदेशाच्या भूमीवर एक अर्थपूर्ण घटना घडली. १९०७ मध्ये जळगाव येथे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या किशोराला तेथे बालकवी म्हणून मान्यता मिळाली. केशवसुतांच्या मृत्यूला तेव्हा दोन वर्षेच झाली होती. फैजपूरला ज्या कवीने सहा वर्षे काढली, त्याला अशा संमेलनाचा मान कधी मिळाला नाही. परंतु त्याने मोकळ्या केलेल्या वाटेवरून त्याच जिल्ह्यातील पुढचा कवी व्यासपीठावर आला. राम गणेश गडकरी यांनी तर स्वतःला केशवसुतांचे शिष्य म्हणवून घेण्यात भूषण मानले. गोविंदाग्रज, बालकवी आणि पुढे रविकिरण मंडळाचे कवी यांच्या हाती सुनीतापासून गूढगुंजनापर्यंत जे जे प्रकार आले, त्यांचा उगम पुन्हा पुन्हा त्या १३५ कवितांपाशी जाऊन पोहोचतो.

८

केशवसुत आणि हरिभाऊ यांच्या स्नेहाचे हे स्वरूप पाहिले म्हणजे एकाकी बंडखोर कवी ही केशवसुतांची रूढ प्रतिमा थोडी सुधारून घ्यावी लागते. ते एकाकी होते, पण निराधार नव्हते. त्यांचे बंड कागदावर उतरले आणि तो कागद घरोघर गेला, तो एका व्यवहारकुशल संपादकाच्या व्यवस्थेतून. तसेच हरिभाऊंची प्रतिमाही केवळ लोकप्रिय कादंबरीकाराची राहत नाही. स्वतःच्या लेखनाहून सर्वथा भिन्न प्रकृतीच्या, वाचकांना सहज न रुचणाऱ्या लेखनातील मोल ओळखून त्याला जागा देणे, हा संपादकीय विवेक त्यांच्या कादंबऱ्यांइतकाच वाङ्मयेतिहासाच्या हिशेबात धरला पाहिजे.

आणखी एक गोष्ट या चरित्रातून निष्पन्न होते. वाङ्मयाचा इतिहास पुण्या-मुंबईच्या संस्थांभोवती लिहिला जातो. पण ज्या कवितांनी मराठी काव्याला नवे वळण दिले, त्यांतील महत्त्वाच्या कविता रावेर-यावलच्या पट्ट्यातील एका शाळेच्या गावी लिहिल्या गेल्या. त्या कवितांना पुण्याची गरज होती, ही गोष्ट खरी. परंतु पुण्याच्या पत्राला जे पान आज मोलाचे वाटते, ते पान भरून येत होते फैजपुराहून. पारोळ्याला जन्मलेला संपादक आणि फैजपूरला राहिलेला कवी या दोघांच्या संबंधात खानदेशाचा हा वाटा नोंदविला गेला पाहिजे. तो नोंदविला नाही तर केशवसुतांच्या चरित्रातील सात वर्षे आणि हरिभाऊंच्या कार्यातील एक मोलाचा भाग अभ्यासाबाहेरच राहील.